काचेवरचा भंडारा

भोकरदनच्या एका शाळेत ऑफिसचं टायपिंग करणाऱ्या सुग्रीव सरांच्या कॉम्प्युटरला हात लावायची कुणाची टाप नव्हती. शिपाई पुंजाराम अख्ख्या ऑफिसातली धूळ झटकायचा, खुर्च्या पुसायचा, पण सरांच्या स्क्रीनपाशी आला की फडकं मागं घ्यायचा. कारण त्या काचेवर भंडारा लावलेला असायचा. बिरोबाचा भंडारा. तेलात कालवून बोटानं टेकवलेले पिवळेधमक ठिपके, दोन-तीन वरच्या कडेला, एक खाली कोपऱ्यात. नवीन आलेला मास्तर विचारायचा, हे काय आणखी? मग कुणीतरी सांगायचं की धनगराचा माणूस आहे, देवाचं लई करतो, काचेला भंडारा लावल्याशिवाय मशीन चालू करत नाही. विचारणारा मान डोलवायचा. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तर त्या स्क्रीनला लांबूनच हात जोडले होते.

भक्ती होती, खोटं कशाला बोला. पण ते ठिपके भक्तीचे नव्हते. सुग्रीवला दिसत नव्हतं.

म्हणजे ठार आंधळा नव्हता तो. रस्त्यानं चालायचा, सायकलवर बसायचा, म्हैस आडवी आली तर ब्रेक दाबायचा. पण नेमकं जिथं बघावं तिथंच धूर. माणूस समोर उभा राहिला की त्याचा सदरा दिसे, पाय दिसत, आणि तोंडाच्या जागी राखाडी डाग. अक्षराकडं बघितलं की अक्षरच गायब, आजूबाजूचा कागद तेवढा शिल्लक. जालन्याच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्यामागचा पडदा मधोमध वाळत चाललाय. याला औषध नाही, चष्मा नाही, ऑपरेशन नाही. सुग्रीवनं ही गोष्ट जगात एकाच माणसाला सांगितली, बायकोला.

"मंग आता काय करता?" शालूनं विचारलं.

"काय करू? नोकरी करतो."

"न दिसता?"

"माझं काम डोळ्याचं हायेच कुठं?"

ही बढाई नव्हती बरं का. शाळेत लागायच्या आधी सुग्रीव जालन्याला, मस्तगडातल्या एका टायपिंग क्लासमध्ये शिकवायचा. पोरापोरींच्या डोळ्यांना रुमाल बांधून मशीनपुढं बसवायचा आणि ओरडायचा, "डोळ्यानं न्हाई, बोटानं बघा!" रुमालाखालून कुणी चोरून बघताना सापडलं की लाकडी पट्टी थेट नखांवर. जीभही तशीच तिखट. पण कान असा की सगळ्या मशीनी एकदम खडखडत असताना पाठमोरा उभा राहून सांगायचा, "खिडकीपाशी कोण बसलंय? करंगळी चुकली तुझी." कोणतं बटण दाबलं ते त्याला आवाजावरून कळायचं. बापाची सगळी हयात मेंढरांमागं चालण्यात गेली, आजाचीही. त्या घरातला खुर्चीवर बसलेला पहिला माणूस सुग्रीव, आणि त्याला खुर्चीवर बसवलं होतं ते या दहा बोटांनी.

तेव्हा शाळेतलं टायपिंग त्याला अडत नव्हतं. मजकूर वाचता येत नव्हता, त्यावरही त्यानं इलाज काढला होता. कुणी दाखल्याचा कच्चा कागद घेऊन आलं की हा खुर्चीत मागं रेलून, डोळे मिटून म्हणायचा, "वाचा तुम्ही. मी मारतो." वाचणारा दमायचा, पण सुग्रीवची बोटं थांबायची नाहीत. लोकांना त्याचं कोण कौतुक! मास्तर लोक आपल्या पाहुण्यांना हा तमाशा बघायला घेऊन यायचे. अडचण फक्त एकच होती, आधी पान उघडायची. त्यासाठी माऊसचा बाण स्क्रीनवरच्या नेमक्या चित्रावर न्यावा लागे, आणि नेमकं तेच दिसत नसे. म्हणून भंडारा. वरच्या पट्टीतलं तिसरं चित्र पत्र लिहायचं, तिथं ठिपका. त्याच्या शेजारी गुणपत्रकाचं, तिथं ठिपका. बंद करायचं बटण, तिथं ठिपका. बाणाचा आकार त्यानं मोठ्यातला मोठा करून घेतला होता. नजरेच्या कडेनं तो पिवळ्यावर नेऊन ठेवायचा आणि टिचकी मारायची. एकदा पान उघडलं की मग राज्य त्याचंच.

शाळेच्या मशीनींवर लिनक्स होतं. फुकट मिळतं, सगळ्यांना खुलं असतं, म्हणून संस्थेनं तेच टाकून घेतलं होतं. वर्षानुवर्षं त्याचं रूप तेच, वर एक पट्टी, खाली एक पट्टी, सगळं जागच्या जागी. सुग्रीवला वाटायचं, असंच राहिलं तर आपण निवृत्त होईपर्यंत कुणाच्या बापाला पत्ता लागणार नाही.

आणि हे सगळं त्यानं स्वतःच्या हातानं घालवलं. त्याचं असं होतं की स्क्रीनवर मधूनच कसल्या ना कसल्या चौकटी यायच्या. त्यात काय लिहिलंय ते वाचता येत नसे, कुणाला विचारायची सोय नव्हती. मग तो सरसकट एंटर दाबायचा. चौकट गेली की झालं! एका दुपारी अशीच एक चौकट आली. नवीन आवृत्ती आलीय, घेऊ का, असं ती विचारत होती. सुग्रीवनं एंटर दाबला. तिनं पुन्हा विचारलं, नक्की ना? त्यानं पुन्हा एंटर दाबला. मशीन शाळा सुटेपर्यंत घरघरत राहिलं. "आज काहून गरम झालं हे," असं म्हणत तो घरी गेला.

सकाळी येऊन बघतो तर वरची पट्टी नाही. खालचीही नाही. त्याच्या भंडाऱ्याखाली जांभळट रंग तेवढा पसरलेला. तिसऱ्या ठिपक्यावर त्यानं टिचकी मारली, काही नाही. दुसऱ्यावर मारली, काही नाही. मग सगळ्या काचेवर बाण फिरवत आंधळ्या कोंबडीसारखा टिपत बसला. डाव्या हाताला कसली तरी चौकोनी चित्रांची उभी रांग आली होती, आणि त्यातलं कोणतं कशाचं, ते सांगायला तिथं एक शब्द नव्हता. मेनू म्हणाल तर माऊस वर नेल्याशिवाय दिसायचेच नाहीत. बाहेर एक बाई पोराचा बोनाफाईड घ्यायला उभी होती. "मशीन खराब आहे, उद्या या," असं त्यानं सांगितलं. त्याच्या आवाजानंच ती घाबरून निघून गेली.

त्या आठवड्यात बाकीच्या मशीनीही नव्या केल्या गेल्या आणि शाळेत एकच बोंब झाली. हेडमास्तर म्हणाले, व्हायरस आलाय. हेडक्लार्क सोमेश्वर म्हणाला, आमचं सगळं गेलं, पगारपत्रकं गेली. कुठं काही गेलं नव्हतं. नुसतं घर तेच आणि दारं बदललेली. जूनमध्ये आलेली कॉम्प्युटरची मॅडम होती, शिवकन्या नावाची. जालन्याची, तरुण, शांत बोलणारी. तिनं शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर सगळ्यांना लॅबमध्ये बसवलं आणि एकच गोष्ट शिकवली. कीबोर्डवर खालच्या ओळीत डावीकडं खिडकीचं चिन्ह असलेलं बटण आहे ना, ते दाबा. मग जे पाहिजे त्याच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं मारा. मग एंटर. बस! चित्रं शोधायची नाहीत, माऊसला हात लावायचा नाही. सोमेश्वरनं करून बघितलं आणि टाळीच दिली. पुंजारामलासुद्धा जमलं.

सुग्रीव त्या वेळी तिथं नव्हता. सोमेश्वरनं त्याला टपाल देऊन पंचायत समितीत पाठवलं होतं, आणि ते टपाल सोमवारी दिलं असतं तरी कुणाचं काही अडलं नसतं. टाइपरायटरवर तसलं बटण कधी नव्हतंच. सुग्रीवच्या बोटांना त्याची ओळखच नव्हती. दहा बोटांनी जगणारा माणूस, आणि ज्या एका बटणानं त्याचा जन्म सुखाचा झाला असता, ते त्याच्या करंगळीपासून दोन बोटांवर पडून होतं.

शिवकन्येला त्याचं दुखणं माहीत होतं. आल्या आल्याच तिला संशय आला होता. तिनं एकदा एक कागद मुद्दाम उलटा धरून त्याच्यापुढं केला आणि विचारलं, "बरोबर आहे ना सर?" सुग्रीवनं त्यावर नजर फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बराबर हाय." तिनं ते सोमेश्वरला सांगितलं. सोमेश्वरचा मेहुणा पदवी घेऊन घरी बसला होता, आणि ऑपरेटरची खुर्ची रिकामी होण्याची सोमेश्वर कधीपासून वाट बघत होता. त्याला काय, आयतं हातात आलं.

सुग्रीव तिच्याकडं गेला तेव्हा लॅबमध्ये कुणी नव्हतं. त्याला मान खाली घालून बोलायची सवय नव्हती, तरी घातली.

"मॅडम, ते जुनं रूप परत आणता येईल का?"

"नाही सर. ते आता बंद झालं."

साफ खोटं. मशीन चालू करताना एका ठिकाणी नुसती निवड केली की जुन्यासारखं रूप समोर यायचं. तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर तेच होतं.

"मंग मला एकदा सगळं दाखवता का? सावकाश."

"दाखवते की." आणि तिनं दाखवलं. माऊस हातात घेऊन एकेका चित्रावर बाण नेला. "हे बघा सर, हे पत्राचं. हे बघा, हे तक्त्याचं. दिसलं ना?" दर वेळी विचारायची, दिसलं ना? आणि सुग्रीव म्हणायचा, दिसलं, दिसलं.

पण हा माणूस हातपाय गाळणारा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तो शाळा भरायच्या आधी येऊन बसू लागला. काचेच्या वरच्या कडेपासून बोटं मोजायची, तिथं टिचकी, काय उघडतंय त्याचा अंदाज घ्यायचा. पांढरं पसरलं आणि अक्षरं मारल्यावर त्यावर काळी ओळ सरकताना कडेनं जाणवली तर ते पत्राचं. वर पाच बोटं, पत्र. सात बोटं, तक्ता. चुकायचा, बंद करायचा, स्वतःलाच शिव्या द्यायचा, पुन्हा मोजायचा. शालूनं पुडीत बांधून दिलेला भंडारा तेलात कालवून त्यानं डाव्या कडेला नवी रांग लावली. जुने ठिपके घासघासून घालवताना त्याला उगीचच भरून आलं. त्या आठवड्याच्या शेवटी त्यानं दिवसभराचे सगळे दाखले न अडखळता काढून दिले. घरी जाऊन शालूला म्हणाला, "जमलं! नवीन बी जमलं!" शालूनं त्या दिवशी धपाटे केले, वर लोण्याचा गोळा. दोघं खूप दिवसांनी हसून जेवले.

आता पुढचं सांगायचं म्हणजे जिभेला काटा येतो, पण सांगतो. सोमेश्वरनं ती पिवळी रांग बघितली आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नव्या रूपात डावीकडची चित्रं माऊसनं ओढून खालीवर करता येत होती. दुपारी सुग्रीव डबा घेऊन लिंबाखाली गेला की सोमेश्वर त्याच्या खुर्चीत बसायचा आणि चित्रांची अदलाबदल करायचा. पत्राच्या जागी कधी कचऱ्याची टोपली, कधी पत्त्यांचा खेळ. भंडाऱ्याला तो हात लावायचा नाही, देवाला भ्यायचा तो! मग स्टाफरूममधून मास्तर लोक चहाचे कप घेऊन दाराशी यायचे. सुग्रीव येऊन बसणार, बाण पिवळ्यावर नेणार, टिचकी मारणार, भलतंच उघडणार. तो गडबडीनं बंद करणार, पुन्हा मारणार, पुन्हा भलतंच. दाराशी खसखस पिकायची. एकानं तर आज काय उघडेल यावर भज्यांची पैज लावली. सुग्रीव विचारायचा, "काय झालं हसायला?" सोमेश्वर म्हणायचा, "काही न्हाई सुग्रीवराव, इथलंच चालू हाय."

त्याला वाटलं, गेले. उरलेले डोळेही गेले. ठिपका दिसतोय, पण जिथं दिसतोय तिथं तो नसणार. आता कडेलाही धूर धरला असणार. तो रस्त्यात थांबून एक डोळा झाकून लिंबाकडं बघायचा, मग दुसरा झाकून. सायकल त्यानं घरी भिंतीला टेकवून ठेवली ती ठेवलीच. रस्त्याच्या कडेनं, भिंतीला हात लावत चालू लागला.

"अवो, तुमाला कालच्या इतकंच दिसून राह्यलं," शालू चिडून म्हणाली. "आत्ता ताटातली मिरची बाजूला काढली तुमी. मी बघितलं की!"

"तुला काय कळतं?"

"मला मिरची कळती!"

त्यानं ऐकलं नाही. मशीन खोटं बोलेल हे त्याच्या मनातच येईना. मशीननं त्याला आयुष्यभर कधी फसवलं नव्हतं. तो बिरोबाला नवस बोलला आणि रोज दुपारी पुन्हा फसत राहिला.

मग संस्थेचे अध्यक्ष आले. हेडमास्तरांच्या केबिनमध्ये गर्दी होती, म्हणून ते ऑफिसात सुग्रीवच्या टेबलापुढंच येऊन बसले. त्यांना एक पत्र लगेच हवं होतं. "ह्यांचा हात बघा साहेब, वाऱ्यासारखा," सोमेश्वर म्हणाला आणि स्क्रीन जरा अध्यक्षांकडं वळवला. सुग्रीवनं बाण वरच्या पिवळ्यावर नेला. टिचकी मारली. हिरवागार पडदा पसरला आणि त्यावर पत्ते मांडले गेले.

"हे काय? पत्ते खेळता का ऑफिसात?"

सुग्रीवला हिरवं तेवढं दिसत होतं. त्यानं बंद केलं, पुन्हा टिचकी मारली, पुन्हा हिरवं. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. हेडमास्तर पुढं आले. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "सुग्रीवराव, इथं काय लिहिलंय? वाचा."

सुग्रीव काचेकडं बघत राहिला. काचेवर राखाडी डाग होता आणि भोवती हिरवं होतं. "साहेब, चष्मा घरी राह्यला," तो म्हणाला. त्यानं जन्मात चष्मा लावला नव्हता, आणि हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

काम करता करता डोळे गेले म्हणून माणसाला नोकरीवरून काढता येत नाही, असा कायदा आहे. सोमेश्वरला तो बराबर माहीत होता. म्हणून तर काढायची भाषा कुणी केलीच नाही. हेडमास्तरांनी खांद्यावर हात ठेवून, चहा पाजून सांगितलं की इतकी वर्षं फसवलंत, चौकशी लागली तर सगळंच जाईल. त्यापेक्षा मानानं राजीनामा द्या, आम्ही शाल-नारळ देऊन निरोप देऊ. सुग्रीवनं विचारलं, "दुसरं काही काम देता का? घंटा वाजवायचं दिलं तरी चालतंय." हेडमास्तर म्हणाले, "तुमच्यासारख्याला घंटेवर बसवणं बरं दिसतं का?" एवढा मान त्याला शाळेनं कधी दिला नव्हता.

आणि राजीनामा टाइप कुणी करायचा? शुद्ध, बिनचूक मराठी सगळ्या ऑफिसात एकाच माणसाला येत होती. त्यालाच बसवलं! शिवकन्येला पान उघडून द्यायला बोलावलं होतं. ती उभ्या उभ्याच त्याच्या खांद्यावरून वाकली. टक. टकटकटक. मग एंटरचा जड आवाज. पांढरं पसरलं.

सुग्रीवचा कान उभा राहिला. माऊसची टिचकी आलीच नव्हती. आधी एक बटण, खालच्या ओळीतलं, त्याच्या कानाला अनोळखी. मग तीन अक्षरं. मग एंटर. पण सोमेश्वर सांगायला लागला होता. "माझ्या प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वेच्छेने..." सुग्रीवची बोटं आपोआप चालू लागली. 'स्वेच्छेने'वर ती जराशी थांबली आणि पुढं गेली. कागद निघाला. सोमेश्वरनं त्याचं बोट धरून सहीची जागा दाखवली आणि कागद घेऊन लगबगीनं केबिनकडं गेला.

"पोरी," सुग्रीव म्हणाला, "माऊसला हात न्हाई लावला तू."

शिवकन्या दाराकडं वळली.

"काय दाबलं ते सांग."

तिनं त्याच्या डाव्या हाताची करंगळी धरली आणि खालच्या ओळीत एका बटणावर ठेवली. "हे. मग नावाची पहिली अक्षरं. मग एंटर."

त्यानं दाबलं. तीन अक्षरं मारली. एंटर. पांढरं पसरलं. बंद केलं, पुन्हा केलं, पुन्हा पसरलं. तक्ता उघडला. कॅलेंडर उघडलं. डोळे मिटून केलं, तोंड खिडकीकडं करून केलं. एकदाही चुकलं नाही. काच लागत नव्हती, बाण लागत नव्हता, भंडारा लागत नव्हता. डोळेच लागत नव्हते.

"हे कवापासून हाय?"

"पहिल्या दिवसापासून. सगळ्यांना येतं सर. पुंजारामला पण."

सुग्रीव उठला आणि केबिनकडं धावला. चौकट खांद्याला लागली तरी थांबला नाही. "साहेब, मला येतं! आत्ताच्या आत्ता बघा, तुम्ही म्हणाल ते उघडून दाखवतो! कागद द्या माझा माघारी!"

सोमेश्वरनं कागदावर आवकचा शिक्का मारला, तोही आवाज सुग्रीवच्या कानाला बरोबर कळला. "सुग्रीवराव, खुर्ची सोडताना सगळ्यांचंच असं होतं," सोमेश्वर म्हणाला. "शालीचं सांगून आल्तो मी सकाळीच."

सकाळीच. म्हणजे राजीनामा लिहायच्या आधीच.

तो परत आला तेव्हा शिवकन्या तिथंच उभी होती. वाट बघत असावी.

"काहून केलं असं? मी तुझं काय घोडं मारलं व्हतं?"

"मस्तगडचा क्लास आठवतो का सर?" तिचा शांत आवाज पहिल्यांदा हलला. "तुम्ही माझे डोळे बांधून सगळ्यांपुढं बसवलं होतं. बोटं एक घर सरकून बसली, सगळं पान भलतंच उमटलं. तुम्ही ते कडबोळं मोठ्यानं वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पोरं बाकावरून पडेपर्यंत हसली. त्यानंतर क्लासमध्ये मला कुणी नावानं हाक मारली नाही, त्या पानावरचा पहिला शब्द म्हणून मारली. मी क्लास सोडला. घरातून निघायचे आणि बसस्टँडवर बसून परत यायचे." ती थांबली. "ओळखलं का आता?"

सुग्रीवनं खरंच आठवून बघितलं. तिच्या तोंडाकडं तोंड केलं, तिथं धूर होता. आठवणीत डोकावला, तिथं बाकांवर रुमाल बांधलेल्या पोरी बसल्या होत्या, ओळीनं, सगळ्या सारख्याच.

"लय जणींची पट्टी बांधली मी, बाई," तो म्हणाला. "वाचून बी लय जणींचं दाखवलं. त्यातली कोणती तू?"

इतकी वर्षं तिनं हा प्रसंग मनात घोळवला होता. सर रडतील, हात जोडतील, नाहीतर चिडतील, सगळं धरून बसली होती. हे उत्तर तिनं धरलं नव्हतं. तिनं पर्स उचलली आणि निघून गेली.

सुग्रीव खुर्चीत बसला. बटण, तीन अक्षरं, एंटर. पांढरं पसरायचं. बंद करायचा. पुन्हा बटण, तीन अक्षरं, एंटर. बाहेर शाळा सुटली, पोरांचा गलका फाटकाबाहेर गेला, तरी तो करतच होता. पुंजाराम किल्ल्या आणि ओलं फडकं घेऊन आत आला आणि टेबलापाशी घुटमळला.

"सर, आता काच पुसू का?"

"पूस."

पुंजारामनं आधी काचेला हात जोडले आणि मग पुसायला घेतली. तेलातला भंडारा निघेना, उलट सगळ्या काचेवर पसरला. त्यानं नखानं खरवडून बघितलं, फडकं पिळून पुन्हा घासलं.

"ऱ्हाऊ द्या," पुंजाराम म्हणाला. "नवीन साहेब सोमवारी येऊन राह्यले, तवर साबण आणून धुतो."